वृक्क कर्करोगातील फलदर्शक प्रथिने

वृक्काचा (मूत्रपिंडाचा) कर्करोग पुढे कसा वागेल, याचा अदमास देणारी, गाठीत किंवा रक्तात आढळणारी प्रथिने. बहुतेक अभ्यास ‘क्लिअर सेल’ या सर्वाधिक आढळणाऱ्या प्रकारावर झाले आहेत.

या गाठीच्या उगमाविषयी दीर्घकाळ वाद होता. कापल्यावर ती पिवळीधमक दिसते. त्यावरून पाउल ग्राविट्झ यांनी १८८३ मध्ये ती वृक्कात राहून गेलेल्या अधिवृक्क (वृक्काच्या माथ्यावरील) ग्रंथीच्या अवशेषांतून उद्भवते, असे मांडले. ‘हायपरनेफ्रोमा’ हे नाव त्या मतातूनच रूढ झाले. १९६० च्या सुमारास इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तिच्या पेशींचे वृक्कनलिकेच्या आरंभीच्या भागातील पेशींशी साम्य दिसले. आज हेच मत ग्राह्य धरतात. पिवळेपणा मेदाचा असतो. काचपट्टी तयार करताना मेद विरघळून जातो आणि पेशी रिकाम्या, ‘क्लिअर’ दिसतात.

यांपैकी बहुतेक गाठींत व्हीएचएल जनुक (शोध १९९३) निकामी असते. त्यामुळे ऑक्सिजन पुरेसा असूनही पेशी तो तुटल्यासारखी वागते आणि कार्बोनिक अनहायड्रेज-९ हे प्रथिन भरमसाट तयार करते. लॉस एंजेलिसच्या २००३ मधील अभ्यासात या प्रथिनासाठी रंजन (गाठीच्या कापावर प्रथिन दाखवणारा रंग चढवणे) केल्यावर ८५ टक्क्यांहून अधिक पेशी रंगलेल्या रुग्णांचे आयुर्मान जास्त आढळले. मेयो क्लिनिकच्या २००७ मधील अभ्यासात मात्र गाठीची श्रेणी (पेशी किती बिघडलेल्या दिसतात ते) व ऊतकमृत्यू जमेस धरल्यावर या प्रथिनाचे स्वतंत्र महत्त्व उरले नाही. दुसरे मत अधिक सयुक्तिक वाटते. निदानासाठी मात्र हे प्रथिन उपयोगी आहेच.

केआय-६७ हे प्रथिन (नावातील ‘केआय’ जर्मनीतील कील शहरावरून) पेशीविभाजनाचा वेग दाखवते. बीएपी-१ या प्रथिनाचे केंद्रकातील रंजन नाहीसे झाल्यास रोग आक्रमक समजतात. रक्तातील सी-रिॲक्टिव्ह प्रथिन वाढलेले असणे वाईट, पण ते साध्या तापातही वाढते. पसरलेल्या रोगाचा अदमास घेण्यासाठी २००९ पासून वापरात असलेल्या सहा निकषांत वरीलपैकी एकही प्रथिन नाही. तेथे आहे ते हीमोग्लोबिन, जे नाशिकच्या कोणत्याही गल्लीतल्या लॅबमध्ये मोजून मिळते.

 दुसऱ्या तज्ज्ञाच्या मतासाठी नाशिकचे नातेवाईक ‘ब्लॉक आणि स्लायडी’ घेऊन मुंबईला परळचे टाटा रुग्णालय गाठतात. ब्लॉक म्हणजे मेणात बसवलेला गाठीचा तुकडा. तिकडे रंजन नीट उठणे बरेचसे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही तासांवर अवलंबून असते. वृक्क न चिरता तसेच बरणीत टाकले, तर फॉर्मॅलिन (ऊतक टिकवणारे द्रावण) आतवर लवकर पोचत नाही. मधला भाग सडू लागतो आणि प्रथिन असूनही रंग फिका येतो.