बार्बाडोसला व्हिसा लागत नाही, पण वाटेत लागतो

29 जून 2024 ला ब्रिजटाऊनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माने वर्ल्डकप उचलला आणि तेव्हापासून बार्बाडोसबद्दल विचारणाऱ्यांची संख्या वाढली. निळंशार पाणी, पांढरी वाळू, आठ दिवस निवांत पडून राहायचं. त्यात कुठेतरी वाचलेलं असतं की भारतीयांना तिथे व्हिसा लागत नाही. ते खरंच आहे. भारतीय पासपोर्टवर पर्यटनासाठी 90 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय राहता येतं. एवढं वाचून लोक तिकीट काढतात, आणि मग मुंबई विमानतळाच्या चेक-इन काउंटरवर अडकतात.

मी लोकांचे प्रवासाचे कागद बघून देतो. बार्बाडोसच्या अधिकाऱ्याने कुणाला परत पाठवल्याचं मी आजवर पाहिलेलं नाही. जे अडकले, ते सगळे मुंबईतच अडकले. म्हणून बार्बाडोसचे नियम शेवटी सांगतो, आधी वाटेचे.

मुंबईहून तिकडे थेट विमान नाही. लंडन, न्यूयॉर्क, मायामी, टोरांटो अशा कुठल्यातरी ठिकाणी विमान बदलावं लागतं. अमेरिकेत "नुसतं विमान बदलतोय" ही सोयच नाही. दोन तास थांबायचं असलं तरी इमिग्रेशनमधून आत जाऊन पुन्हा बाहेर पडावं लागतं, म्हणजे व्हिसा हवाच. बी1/बी2 पर्यटन व्हिसा आधीपासून असेल तर तो चालतो. नसेल तर सी1 ट्रान्झिट व्हिसा, आणि त्यालाही डीएस-160 फॉर्म, फी, मुलाखत सगळं आलं. मुलाखतीची तारीख कधी मिळेल याचा भरवसा नाही. त्यातून नकार आला, तर तो पुढे अनेक देशांच्या फॉर्ममध्ये सांगावा लागतो. आठ दिवसांच्या सुट्टीसाठी ही जोखीम घेऊ नका. ज्यांच्याकडे अमेरिकेचा व्हिसा नाही त्यांनी तो मार्गच सोडून द्यावा. टोरांटोमार्गे जायचं तर कॅनडाचा ट्रान्झिट व्हिसा लागतो. त्याला फी नाही, पण अर्ज वेळेत करावा लागतो.

राहिलं लंडन, आणि सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो. ब्रिटनचे ट्रान्झिटचे व्हिसा दोन आहेत. विमानतळाच्या आतल्या आत एका विमानातून दुसऱ्यात जायचं असेल तर एअरसाइड ट्रान्झिट व्हिसा. इमिग्रेशन ओलांडून बाहेर यावं लागणार असेल तर दुसरा, व्हिजिटर इन ट्रान्झिट. बाहेर कधी यावं लागतं? एक म्हणजे विमानतळ बदलत असेल तेव्हा. मुंबईचं विमान हीथ्रोला उतरतं आणि स्वस्तात मिळालेलं बार्बाडोसचं तिकीट गॅटविकचं निघतं. दोन्ही लंडनच, पण मधे शहराला वळसा घालून बसने जावं लागतं. दुसरं म्हणजे तिकिटं दोन वेगळी काढलेली असतील तेव्हा. मग बॅगा लंडनमध्ये सोडवून पुन्हा चेक-इन कराव्या लागतात, आणि बॅगांचा पट्टा इमिग्रेशनच्या पलीकडे असतो.

गेल्या डिसेंबरात साताऱ्याचं एक निवृत्त जोडपं असंच अडकलं. कागदांची फाइल नीट लावलेली, एअरसाइड व्हिसासुद्धा वेळेत घेतलेला. काउंटरवरच्या मुलीने दोन्ही तिकिटं शेजारी शेजारी ठेवली, दोन वेगळ्या पीएनआरवर बोट ठेवलं आणि विचारलं, "बॅगा कुठपर्यंत टाकू?" काकांनी सांगितलं, "बार्बाडोस." ती म्हणाली, "सर, लंडनपर्यंतच जातील." बोर्डिंग पास मिळाला नाही. तिचाही दोष नव्हता. कागद अपुरे असलेला प्रवासी नेला तर विमान कंपनीला दंड होतो आणि त्याला परत आणायचा भुर्दंडही तिच्यावरच पडतो. पण तिकीट विकणाऱ्या एजंटने हे एका वाक्यात सांगायला हवं होतं. काकूंनी मला फोन केला तेव्हा त्या विमानतळाबाहेर सुटकेसवर बसल्या होत्या. पुन्हा पुन्हा एवढंच म्हणत होत्या, "अहो, व्हिसा तर आहे ना आमच्याकडे."

म्हणून तिकीट काढण्याआधी तीन प्रश्न विचारा: संपूर्ण प्रवास एकाच पीएनआरवर आहे का, विमानतळ तोच आहे का, बॅगा थेट ब्रिजटाऊनपर्यंत जाणार का. तिन्ही उत्तरं "हो" असतील तरच एअरसाइड व्हिसावर भागेल. अमेरिका, कॅनडा, ऑस्ट्रेलिया किंवा न्यूझीलंडचा चालू व्हिसा असणाऱ्यांना ब्रिटन काही अटींवर ट्रान्झिट व्हिसातून सूट देतं. पण त्या अटी ब्रिटिश सरकारच्या संकेतस्थळावर स्वतः वाचा, कुणाच्या तोंडी सांगण्यावर जाऊ नका. युरोपातल्या दुसऱ्या शहरातून जाणार असाल तर प्रत्येक देशाचा नियम वेगळा आहे. पॅरिसला चाललं म्हणून दुसरीकडे चालेल असं नाही.

ब्रिटनचा अर्ज ऑनलाइन भरायचा, केंद्रावर जाऊन बोटांचे ठसे आणि फोटो द्यायचे. निकालाला साधारण तीन आठवडे धरा, आणि ते मोजायचे ठसे दिल्याच्या दिवसापासून. फॉर्म भरल्याच्या दिवसापासून मोजणारे दर हंगामात चार-पाच जण तरी भेटतात. कागदांत पुढच्या प्रवासाचं तिकीट, हॉटेलचं बुकिंग, परतीचं तिकीट, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट. अर्जाच्या आठवडाभर आधी मुलाकडून किंवा भावाकडून दोन लाख खात्यात आणून ठेवू नका. आणलेच असतील तर ते कुठून आले हे एका पत्रात लिहा. खात्यात शिल्लक कमी असली तरी पगार किंवा पेन्शन नियमित दिसली की बरं. अचानक फुगलेलं खातं मात्र अधिकाऱ्याच्या डोळ्यांत लगेच भरतं.

आता नावाचं. आपल्याकडच्या बायकांना याचा फार त्रास होतो. पासपोर्ट लग्नाआधीचा, त्यात वडिलांचं नाव आणि माहेरचं आडनाव. आधार लग्नानंतरचं, त्यात नवऱ्याचं नाव आणि सासरचं आडनाव, कधी पहिलं नावही बदललेलं. एजंट व्हॉट्सॲपवर म्हणतो "आधार पाठवा", आणि तिकीट सासरच्या नावाने निघतं. परदेशी जाताना विमानतळावर आधारला काही किंमत नाही. पासपोर्टच्या फोटोच्या पानावर खाली बाणांसारख्या खुणांच्या दोन ओळी असतात, त्यांत जे नाव आहे तेच तिकिटावर, तेच व्हिसा फॉर्मवर, तेच हॉटेलवर. मधलं नाव पासपोर्टात पहिल्या नावाच्या रकान्यात जोडून आलं असेल तर तिकिटावरही तिथेच. एका नावावर पासपोर्ट आणि दुसऱ्या नावावर बँक खातं असेल तर विवाह नोंदणी प्रमाणपत्र जोडा. प्रवासाच्या तोंडावर पासपोर्टात नाव बदलायला मात्र जाऊ नका.

पासपोर्टची मुदत परतीच्या तारखेनंतर सहा महिने शिल्लक असू द्या. एक पालक मुलाला घेऊन जात असेल तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतीपत्र जवळ ठेवा. विमा वादळाचा उल्लेख असलेलाच घ्या. तिकडे 1 जून ते 30 नोव्हेंबर हा वादळांचा हंगाम असतो, आणि वादळाला नाव मिळाल्यावर काढलेला विमा त्या वादळाला लागू होत नाही. तो वर्ल्डकप जिंकल्यावर आपला संघसुद्धा बेरिल वादळामुळे तिथेच अडकून पडला होता, खास विमानाने 4 जुलैला दिल्लीत पोचला. डिसेंबर ते एप्रिल हवा कोरडी आणि छान, पण हॉटेलं महाग.

बार्बाडोसचा स्वतःचा एकच फॉर्म आहे, इमिग्रेशन आणि कस्टम्सचा, तो ऑनलाइन भरायचा. यात लोक "72 तास" उलटं वाचतात. 72 तासांच्या आधी भरून टाका असा त्याचा अर्थ नाही, पोचण्याआधीच्या 72 तासांत भरा असा आहे. आणि तिथलं घड्याळ आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे आहे. फॉर्म मोफत आहे. पन्नास-साठ डॉलर मागणारी संकेतस्थळं सरकारी नाहीत, पत्त्याच्या शेवटी गव्ह डॉट बीबी आहे का ते पाहा. भरल्यावर येणारा क्यूआर कोड छापून घ्या, लांबच्या प्रवासात मोबाइलची बॅटरी हमखास संपते.

तिथून ट्रिनिडाडलाही जाऊन येऊ, असा विचार बऱ्याच जणांच्या मनात येतो. जरूर जा, पण आधी पिवळ्या तापाची लस घ्या. भारताच्या यादीत ट्रिनिडाड या तापाचं क्षेत्र आहे. तिथे राहून प्रमाणपत्राशिवाय परतलात तर मुंबईत उतरल्यावर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवू शकतात. हा कागद जाताना कुणी मागत नाही, म्हणून कुणाकडेच नसतो. लस केंद्र सरकारने मान्यता दिलेल्या केंद्रावरच घ्यायची, आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. निघण्याच्या आदल्या आठवड्यात घेऊन उपयोग नाही. साठीच्या पुढच्यांनी आणि अंड्याची ॲलर्जी असणाऱ्यांनी आधी डॉक्टरांना विचारा.

पैशांचं सोपं आहे. एका अमेरिकी डॉलरला दोन बार्बाडोस डॉलर, हा दर 1975 पासून तोच आहे.

आणि बॅग भरताना लष्करी छापाचे कपडे काढून ठेवा. हिरव्या-तपकिरी ठिपक्यांच्या हाफ पँट, टोप्या, मुलांच्या सॅकसुद्धा. बार्बाडोसमध्ये सैन्याशिवाय कुणी ते वापरणं गुन्हा आहे, लहान मुलांनाही सूट नाही. किनाऱ्यावर काही झाडांच्या बुंध्याला लाल पट्टा दिसेल. त्याचं नाव मँचिनील, फळ छोट्या हिरव्या सफरचंदासारखं, आणि फळ, पानं, चीक सगळंच विषारी. पाऊस आला तर त्याच्याखाली उभे राहू नका, पानांवरून गळणाऱ्या पाण्यानेही अंगावर फोड येतात. मुलांना पहिल्याच दिवशी ते झाड दाखवून ठेवा.