केशरी तोंडाची टाचणी

(शास्त्रीय नाव : स्युडॅग्रियॉन रुब्रिसेप्स). चतुर व टाचण्यांचा समावेश असलेल्या ओडोनाटा गणाच्या सीनॅग्रिओनिडी कुळातील, वाहत्या पाण्याकाठी राहणारा कीटक. बेल्जियन कीटकतज्ज्ञ सेलीस-लाँगशाँ यांनी 1876 मध्ये या जातीचे वर्णन केले. भारतात सर्वदूर आढळणारी ही टाचणी खानदेशात सातपुड्याचे ओढे आणि पांझरेसारख्या नद्यांच्या काठी शोधावी.

बसल्यावर चतुर पंख पसरून ठेवतो, टाचणी बहुधा ते पाठीवर मिटते. तिचे डोळेही एकमेकांपासून दूर असतात. इथवरची ओळख सोपी. पुढे जाती ओळखताना मात्र कस लागतो. प्रौढ नराचा चेहरा भडक केशरी, धड वरून हिरवट व बाजूंनी निळे, पोट वरून काळपट आणि टोकाकडचे 8 वा व 9 वा खंड निळे असतात. मादी आणि नुकताच कात टाकलेला नर फिके दिसतात, त्यांना रंगावरून नाव देण्याची घाई करू नये. याच प्रजातीतल्या स्युडॅग्रियॉन डेकोरम या फिकट निळ्या टाचणीच्या धडावर बारीक काळ्या रेषा असतात. खरा निवाडा नराच्या पोटाच्या टोकावरील उपांगांवरून होतो. मीलनात मादीला धरण्याची ही पकड प्रत्येक जातीत निराळ्या घडणीची असते. म्हणून छायाचित्र बाजूने, शेपटीचे टोक स्पष्ट येईल असे घ्यावे.

संथ वाहणारे पाणी आणि काठाला गवत किंवा पाणवनस्पती, एवढे तिला पुरते. सातपुड्यातून तापीकडे येणारे यावल-रावेरकडचे ओढे पायथ्याशी दगडगोट्यांच्या पट्ट्यात शिरले की त्यांचे पाणी जमिनीत मुरते. भूजलतज्ज्ञ याला बझाडा पट्टा म्हणतात. पावसाळा सरल्यावर अशा कोरड्या पात्रात टाचण्या धुंडाळण्यात अर्थ नाही. त्यापेक्षा वरच्या अंगाला, डोंगरातल्या डोहांकडे जावे. याउलट पांझरेवरच्या फड पद्धतीचे (शेतकऱ्यांनी मिळून चालवायच्या पारंपरिक सिंचनाचे) बंधारे आणि पाट माणसाने शेतीसाठी बांधले असले, तरी संथ पाणी व गवताळ काठ तिथे आयताच मिळतो.

नराने शेपटीच्या टोकाने मानेजवळ धरलेली मादी पाणवनस्पतींच्या देठांत अंडी खुपसते. डिंभ (अंड्यांतून निघालेली पिल्ले) पाण्यातच वाढतात, बारीक जलचर खातात. त्यांच्या शेपटीला पानांसारखे तीन कल्ले असतात. पाटातले गवत उपसले की देठांतली अंडीही त्याबरोबर काठावर येऊन वाळतात.