सागरी प्लॅस्टिक प्रदूषण आणि घरगुती पुनर्चक्रण

घराघरांत रोज निघणाऱ्या सुक्या कचऱ्यापैकी जो भाग वेगळा काढला जात नाही, भंगारात विकला जात नाही आणि पालिकेच्या गाडीपर्यंतही पोहोचत नाही, तो गटारे, नाले, नद्या व खाड्यांवाटे समुद्रात जातो. या प्रक्रियेचा आणि ती रोखण्यासाठी घरपातळीवर होणाऱ्या वर्गीकरणाचा व पुनर्चक्रणाचा विचार प्रस्तुत नोंदीत केला आहे. मैलापाणी, खनिज तेल व रासायनिक सांडपाणी यांमुळे होणारे सागरी प्रदूषण येथे अभिप्रेत नाही.

समुद्रपृष्ठावरील प्लॅस्टिकच्या कणांची शास्त्रीय नोंद १९७२ मध्ये कार्पेंटर व स्मिथ यांनी उत्तर अटलांटिकमधील सारगॅसो समुद्राच्या पाहणीत केली. त्यानंतर बराच काळ लक्ष मुख्यतः जहाजांवरून टाकल्या जाणाऱ्या कचऱ्याकडे राहिले. जहाजांमुळे होणारे प्रदूषण रोखण्यासाठीच्या मारपोल या आंतरराष्ट्रीय कराराच्या पाचव्या परिशिष्टाने समुद्रात प्लॅस्टिक टाकण्यास मनाई केली. ते १९८८ च्या अखेरीस अंमलात आले. रिचर्ड थॉम्पसन व सहकाऱ्यांनी २००४ मध्ये किनाऱ्यावरील गाळातील सूक्ष्म प्लॅस्टिककडे लक्ष वेधले. आता ५ मिलिमीटरपेक्षा लहान तुकड्यांना ही संज्ञा सामान्यतः लावली जाते.

जमिनीवरून दरवर्षी समुद्रात नेमके किती प्लॅस्टिक जाते, याबद्दल अभ्यासकांत मोठे मतभेद आहेत. जेना जॅमबेक व सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये १९२ किनारी देशांतील लोकसंख्या, दरडोई कचरा आणि कचरा व्यवस्थापनातील त्रुटी यांवरून २०१० या वर्षासाठी ४८ लाख ते १ कोटी २७ लाख टन असा अंदाज मांडला. तो सर्वाधिक उद्धृत होतो. तथापि तो गणिती प्रतिरूपावर आधारलेला असून प्रत्यक्ष समुद्रातील मोजणीवर नाही, हे उद्धृत करताना अनेकदा विसरले जाते. नद्यांवाटे जाणाऱ्या भागासाठी लेब्रेटन यांचा २०१७ चा अंदाज ११.५ ते २४.१ लाख टन असा आहे. त्याच वर्षी श्मिट व सहकाऱ्यांनी सिंधू व गंगा यांसह अवघ्या दहा नद्या नदीमार्गे जाणाऱ्या भाराचा ८८ ते ९५ टक्के वाटा उचलतात, असे प्रतिपादन केले. मायर व सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये हे चित्र बरेच बदलले. त्यांच्या मते ८० टक्के भार हजाराहून अधिक नद्यांत विभागलेला असून, दाट वस्तीतून वाहणाऱ्या आणि लगेच समुद्राला मिळणाऱ्या लहान नद्यांचा त्यात मोठा वाटा आहे. त्यांच्या यादीत फिलिपिन्समधील पासिग अग्रस्थानी असून वसईच्या खाडीला मिळणारी उल्हास नदी वरच्या काही नद्यांत आहे. काँदोर्प व सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये निरीक्षणांचा आधार घेऊन वार्षिक आवक केवळ ५ लाख टनांच्या आसपास मानली आणि तिच्यात मासेमारीच्या साधनांचा वाटा जवळपास निम्मा धरला.

हे आकडे परस्परांशी थेट ताडून पाहता येत नाहीत, कारण काहींत बुडालेले प्लॅस्टिकही धरलेले आहे, तर काहींचा रोख प्रामुख्याने तरंगणाऱ्या भागावर आहे. पश्चिम किनाऱ्यापुरता विचार करता लहान नद्यांना महत्त्व देणारे मत अधिक ग्राह्य वाटते. सह्याद्री व समुद्र यांतील अंतर कमी असल्याने येथील नद्या आखूड आहेत, आणि पावसाळ्याच्या पहिल्या मोठ्या सरींत नाल्यांत महिनोन्‌महिने साठलेला कचरा वाहून येतो. त्यातील काही भाग उधाणाच्या भरतीबरोबर जुहू, वर्सोवा, दादर येथील किनाऱ्यांवर परत येऊन पडतो.

समुद्रात गेलेल्या वस्तूची गती बऱ्याच अंशी तिच्या घनतेवर ठरते. समुद्राच्या पाण्याची घनता दर घन सेंटिमीटरला सुमारे १.०२५ ग्रॅम असते, पिशव्यांचे पॉलिथिन व झाकणांचे पॉलिप्रॉपिलीन तिच्याहून हलके, तर पाण्याच्या बाटलीचे पेट (सुमारे १.३८) जड असते. झाकण घट्ट लावलेली रिकामी बाटली आतील हवेमुळे दूरवर तरंगत जाते. तीच उघडी असली तर पाणी भरून तळाशी जाते आणि सुटलेले झाकण मात्र वरच राहते. पुनर्चक्रण करणारे कारखाने याच गुणधर्माचा उपयोग करतात. बाटल्या व झाकणे यांचा एकत्र चुरा पाण्याच्या टाकीत सोडला की झाकणांचा चुरा वर येतो आणि पेट खाली बसते.

महाराष्ट्रातील घरांत वस्तू वेगळ्या ठेवून विकण्याची पद्धत आधुनिक पुनर्चक्रण चळवळीहून जुनी आहे. रद्दीचे गठ्ठे, काचेच्या बाटल्या व पत्र्याचे डबे भंगारवाल्याकडे आणि जुने कपडे भांड्यांच्या बदल्यात बोहारणीकडे जात. प्लॅस्टिक या व्यवस्थेत पुढे सामावले गेले, परंतु केवळ ज्याला भाव आहे तेवढेच. जाड डबे, बादल्या, पेटच्या बाटल्या व दुधाच्या पिशव्या विकल्या जातात. वेफर्सची पाकिटे, शाम्पूच्या पुड्या आणि गुटख्याच्या पुड्या यांत प्लॅस्टिक व धातूचे पातळ थर एकमेकांस चिकटलेले असतात, ते वेगळे करणे परवडत नाही आणि म्हणून त्यांना घेणारा कोणी नसतो. नाल्यांत व किनाऱ्यांवर हाच माल ठळकपणे आढळतो, हा योगायोग नव्हे. दुधाची पिशवी उघडताना कोपरा पूर्ण कापून काढला तर तो तुकडा वेचणाऱ्याच्या हाती लागण्याइतका मोठा उरत नाही; केवळ चीर दिल्यास तो पिशवीसोबत राहतो. पिशवी धुऊन वाळवून ठेवली तर तिचे मोलही टिकते.

या साखळीचा मुख्य आधार कचरावेचक आहेत व त्यांपैकी बहुसंख्य स्त्रिया आहेत. त्यांच्या श्रमांची योग्य दखल अद्यापही घेतली गेलेली नाही. पुण्यात १९९३ मध्ये कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही त्यांची संघटना स्थापन झाली. तिच्यातून उभी राहिलेली स्वच्छ ही सहकारी संस्था महापालिकेशी करार करून घरोघरचा कचरा गोळा करते. मुंबईत धारावीतील तेरा कंपाऊंड परिसरात प्लॅस्टिक प्रकार व रंगानुसार निवडून, चुरा करून, धुऊन वाळवले जाते आणि वितळवून त्याचा दाणा बनवला जातो.

पुनर्चक्रणाच्या मर्यादाही ध्यानात घ्याव्या लागतात. गायर, जॅमबेक व लॉ यांच्या २०१७ च्या अभ्यासानुसार २०१५ पर्यंत निर्माण झालेल्या प्लॅस्टिक कचऱ्यापैकी सुमारे ९ टक्क्यांचेच पुनर्चक्रण झाले होते. प्लॅस्टिक पुन्हा वितळवताना त्याचा दर्जा सहसा घसरतो. बाटल्यांपासून बहुधा पॉलिस्टरचा धागा बनतो आणि असे कपडे धुताना त्यांतील तंतू सांडपाण्यात उतरतात. प्लॅस्टिकचे पुनर्चक्रण करणाऱ्या एका ब्रिटिश कारखान्याच्या पाहणीत प्लॅस्टिक धुण्याच्या पाण्यातून सूक्ष्म कण बाहेर पडताना आढळले; गाळणी बसविल्यावर त्यांचे प्रमाण घटले.

केंद्राच्या २०१६ च्या घनकचरा नियमांनी ओला, सुका व घरगुती घातक कचरा वेगळा देणे बंधनकारक केले. महाराष्ट्राने मार्च २०१८ मध्ये प्लॅस्टिक पिशव्या व अनेक एकदाच वापरायच्या वस्तूंवर बंदी घातली. १ जुलै २०२२ पासून देशभर निवडक वस्तूंवर बंदी आहे. वेफर्सच्या पाकिटांसारखी बहुस्तरीय वेष्टने मात्र या बंदीच्या यादीत नाहीत. त्यांची जबाबदारी उत्पादकांवर टाकली आहे. वर्सोवा किनाऱ्यावर ऑक्टोबर २०१५ मध्ये अफ्रोज शाह यांनी सुरू केलेली नागरिकांची सफाई मोहीम आंतरराष्ट्रीय स्तरावर नावाजली गेली.

मच्छीमारांवरील परिणाम उघड दिसतो. भरती-ओहोटीच्या प्रवाहात खुंटांना बांधलेल्या डोल जाळ्यांत बोंबील व जवळ्याबरोबर पिशव्याही शिरतात आणि जवळा निवडताना प्लॅस्टिकचे तुकडे हातांनी वेगळे काढावे लागतात. समुद्रात सुटलेली नायलॉनची जाळी ही स्वतंत्र समस्या असून घरगुती वर्गीकरणाने ती सुटण्याजोगी नाही.