स्फिअर आणि सीएचएस: पंधरा लिटर पाणी आणि तक्रारपेटी

आंतरराष्ट्रीय मदतसंस्थांच्या वार्षिक अहवालांत एका अर्थाचे वाक्य हमखास आढळते: आमचे काम स्फिअर आणि सीएचएस या मानकांना धरून चालते. दोन्ही नावे अशी एका दमात घेतली जातात की, ती एकाच गोष्टीची दोन नावे आहेत असे वाचणाऱ्याला वाटावे. या गोंधळाला सबळ कारणही आहे, कारण स्फिअरच्या, म्हणजे आपत्तीतील मदतीची किमान मानके ठरवणाऱ्या उपक्रमाच्या, २०१८ च्या हस्तपुस्तिकेत सीएचएस, म्हणजे ‘कोअर ह्युमॅनिटेरिअन स्टँडर्ड’ (मानवतावादी मदतीचे गाभ्याचे मानक), हे एक संपूर्ण प्रकरण म्हणून छापलेले आहे. शिवाय दोन्ही ऐच्छिक आहेत आणि कोणत्याही सरकारने ती संस्थांवर लादलेली नाहीत. तरीही दोहोंचा रोख वेगळा आहे. आपद्ग्रस्ताच्या पदरात प्रत्यक्ष काय पडले, हे स्फिअर पाहते; देणारी संस्था त्याच्याशी कशी वागली, हे सीएचएस पाहते. (रेडक्रॉस चळवळ आणि स्वयंसेवी संस्था यांची १९९४ ची दहा कलमी आचारसंहिता ही तिसरीच गोष्ट आहे, ती इथे बाजूला ठेवू.)

दोन्ही मानकांचे मूळ शोधू गेल्यास माणूस एकाच ठिकाणी पोहोचतो. रवांडातील वंशसंहारानंतर, जुलै १९९४ मध्ये, अवघ्या काही दिवसांत लाखो निर्वासित सीमा ओलांडून तेव्हाच्या झाईरमधील (आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकातील) गोमा शहराच्या परिसरात आले. तिथली जमीन ज्वालामुखीच्या लाव्हाची, कुदळीला दाद न देणारी. संडासाचे खड्डे खणणेच जिकिरीचे झाले. लोक किवू सरोवराचे पाणी तसेच पिऊ लागले, कॉलरा पसरला, त्यामागून हगवण आली, आणि पहिल्या महिन्यात सुमारे ५०,००० माणसे दगावली. हे अपयश उघड्या डोळ्यांना दिसणारे होते. दुसरे सहज दिसणारे नव्हते: छावण्यांतील धान्यवाटपावर ज्या पुढाऱ्यांची पकड बसली, त्यांत खुद्द हत्याकांडात हात असलेले लोक होते, आणि सामान्य निर्वासिताला त्याबद्दल दाद मागण्याची जागाच नव्हती. एमएसएफ (डॉक्टर्स विदाउट बॉर्डर्स) या वैद्यकीय मदतसंस्थेची फ्रेंच शाखा नोव्हेंबर १९९४ मध्ये या छावण्यांतून बाहेर पडली ती याच कारणाने.

देणगीदार देश आणि संस्थांनी मिळून केलेल्या या मदतकार्याच्या मूल्यमापनाचा अहवाल १९९६ मध्ये आला आणि त्यानंतर दोन वाटा फुटल्या. किमान सोयी किती असाव्यात हे लिहून काढण्याच्या वाटेने १९९७ मध्ये स्फिअर प्रकल्प सुरू झाला. मदत घेणाऱ्याची तक्रार ऐकणारे कोणीतरी असावे, या विचाराची वाट लांबची ठरली. तिच्यातून २००३ मध्ये जिनिव्हात एचएपी (ह्युमॅनिटेरिअन अकाउंटेबिलिटी पार्टनरशिप) ही संस्था उभी राहिली. पुढे एचएपीचे मानक, कर्मचाऱ्यांच्या व्यवस्थापनाविषयीची ‘पीपल इन एड’ची संहिता आणि स्फिअरमधील गाभ्याची मानके एकत्र करून डिसेंबर २०१४ मध्ये सीएचएस जाहीर झाले. २०२४ मध्ये त्याची सुधारित आवृत्ती आली.

स्फिअरचे नाव निघाले की प्रथम आकडे आठवतात: माणशी दररोज किमान १५ लिटर पाणी, एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसे, वीस माणसांमागे एक शौचालय, माणशी साडेतीन चौरस मीटर छप्पर. इथेच सर्वांत मोठा गैरसमज होतो, तो असा की हे आकडे म्हणजेच मानक. वास्तविक मानक हे वाक्य असते. पुरेसे आणि सुरक्षित पाणी सर्वांना न्याय्य रीतीने मिळावे, अशा धाटणीचे. आकडा हा केवळ ते साधले की नाही हे पाहण्याचा निर्देशक. तो परिस्थितीनुसार बदलतो आणि हस्तपुस्तिकाच तसे सांगते: दुष्काळाच्या तीव्र टप्प्यात थोड्या काळापुरते साडेसात लिटर चालू शकतात, तर मध्यम उत्पन्नाच्या शहरी वस्तीत पन्नास लिटरही किमान ठरू शकतात. बारकावे पाहिले तर हे अधिक पटते. पाणी ५०० मीटरच्या आत असावे, रांगेत अर्ध्या तासाहून जास्त वेळ जाऊ नये, आणि प्रत्येक कुटुंबाकडे दहा ते वीस लिटरची किमान दोन भांडी असावीत, एक भरून आणायला आणि एक साठवायला. हे दुसरे भांडे क्षुल्लक वाटते खरे. पण ते नसेल तर टाकी काठोकाठ भरलेली असूनही बाईच्या झोपडीत संध्याकाळी पाणी नसते, आणि कागदावरचे पंधरा लिटर मात्र पूर्ण झालेले असतात.

काही फ्रेंच संस्थांनी आरंभीच आक्षेप घेतला होता की, अशा मानकांमुळे मदतकार्य तांत्रिक हिशेबापुरते उरेल. माझ्या मते हा आक्षेप पुस्तकापेक्षा ते वाचण्याच्या घाईला अधिक लागू पडतो.

सीएचएसमध्ये लिटर नाहीत, मीटर नाहीत. त्यात नऊ बांधिलकी आहेत, आणि त्यांची वाक्ये संस्थेपासून नव्हे तर संकटातील लोकांपासून सुरू होतात. पाचवी तक्रारींविषयी आहे. तिचे मोल कळण्यासाठी २००२ सालाकडे पाहावे. गिनी, लायबेरिया आणि सिएरा लिओन येथील छावण्यांत मदतकर्मी अन्नाच्या बदल्यात मुलींचे लैंगिक शोषण करतात, असे आरोप संयुक्त राष्ट्रांची निर्वासित संस्था आणि ‘सेव्ह द चिल्ड्रन’ची ब्रिटिश शाखा यांच्या पाहणीत पुढे आले. शिध्याचे वजन तिथे अगदी बरोबर भरले असते, तरी त्या मुलीची अडचण तराजूत दिसली नसती. अशा वेळी छावणीच्या कार्यालयाच्या दारावर कुलूपबंद तक्रारपेटी टांगणे पुरेसे नाही: जिच्यासाठी ती पेटी आहे तिला लिहिता येत नाही, आणि ज्याच्याविषयी लिहायचे तोच त्या दाराशी बसलेला असतो.

तथापि दोहोंमधली सीमा अगदी काटेकोर नाही. शौचालये वीसास एक या हिशेबाने बांधली, पण वाट अंधारी आहे आणि दाराला आतून कडी नाही, म्हणून स्त्रिया रात्री जातच नाहीत, तर हा दोष स्फिअरच्या पानावरही सापडतो. तो वेळेत कळला की नाही आणि बांधण्यापूर्वी कोणाला विचारले होते का, हे सीएचएसच्या पानावर.

व्यवहारातील खरा फरक प्रमाणपत्राचा आहे. स्फिअर कोणालाही प्रमाणपत्र देत नाही; ‘स्फिअर प्रमाणित संस्था’ असे कोणी लिहिले असेल, तर तिथेच थांबून कोणत्या छावणीत, कोणत्या महिन्यात, कोणता निर्देशक मोजला, असे विचारावे. सीएचएसमध्ये स्वयंमूल्यमापनापासून त्रयस्थ लेखापरीक्षण आणि प्रमाणपत्रापर्यंत पायऱ्या आहेत, आणि एचक्यूएआय ही स्वतंत्र संस्था असे परीक्षण करते. म्हणून ‘आम्ही सीएचएस पाळतो’ या विधानापुढे पायरी कोणती, हा प्रश्न येतो. परीक्षणाच्या अहवालाचा सारांश प्रसिद्ध होतो, आणि त्यात गुणांबरोबरच दुरुस्त करावयाच्या उणिवाही नोंदवलेल्या असतात. देणगीदाराने आधी तेच पान उघडावे.