कापडासारखी दिसणारी पिशवी कापडाची असते का?

‘दुकानात मिळणारी मऊ, कापडासारखी पिशवी कापडीच असते. तिची पायपुसणी, तोरणं करा. जुनी झाली की परड्यात पुरा, कुजून जाईल,’ असा मेसेज फिरतोय.

अशा बहुतेक पिशव्या पॉलिप्रॉपिलीनच्या, म्हणजे प्लास्टिकच्याच असतात. वितळलेल्या प्लास्टिकचे बारीक तंतू पसरून ते उष्णतेने जागोजागी चिकटवलेले असतात. खात्री घरीच करता येते. पिशवी उजेडासमोर धरा: उभे-आडवे धागे दिसत नाहीत, चिकटवल्याचे ठिपके ओळीने दिसतात. मग तिचा तुकडा आणि सुती चिंधी दोन्ही पाण्यात चांगले चुरून सोडा. चिंधी भिजून बुडते, तुकडा तरंगतो.

उन्हात पिशवीचा भुगा होतो, म्हणून ती कुजली असं वाटणं साहजिक आहे. पण तो भुगाही प्लास्टिकच, मातीत तसाच राहतो. त्यामुळे दारावरच्या उन्हातल्या तोरणाला ती नको. वाकळेला ठिगळ म्हणून तर नकोच. कारण ही पिशवी साधारण १६० अंश सेल्सिअसला वितळते, सुती कपड्यांची इस्त्री त्याहून जास्त तापते.

घरातली पायपुसणी मात्र जरूर करा: लांब पट्ट्या कापा, वेणी घाला, गोल गुंडाळत शिवा. झिजली की सुक्या कचऱ्यात द्या.