युद्धपट, कादंबरीवर आधारित : सैनिकांच्या यातनांचे चित्रण

कादंबरीतील सैनिकाच्या यातना पडद्यावर कशा उतरतात, याचा विचार करताना अभ्यासक वारंवार ज्या कलाकृतीकडे वळतात ती म्हणजे एरिख मारिया रेमार्क यांची ‘ऑल क्वाएट ऑन द वेस्टर्न फ्रंट’ ही पहिल्या महायुद्धावरील जर्मन कादंबरी (१९२९) आणि तिच्यावरील चित्रपट. रेमार्क आघाडीवर काही आठवडेच होते, असा आक्षेप त्यांच्यावर घेतला गेला. तथापि ३१ जुलै १९१७ रोजी जखमी झाल्यावर त्यांनी दीर्घकाळ लष्करी इस्पितळात काढला असल्याने, निदान कादंबरीतील इस्पितळाच्या प्रकरणांपुरता तो आक्षेप टिकत नाही.

लुईस माइलस्टोन दिग्दर्शित चित्रपट (१९३०) बोलपटांच्या आरंभकाळातला असून त्यात तोफगोळ्यांचा अखंड आवाज हेच यातनेचे एक साधन झाले आहे. स्फोटानंतर काटेरी तारेला उरलेले तुटके हात ही प्रतिमा मूळ कादंबरीतलीच आहे. नायकाने खड्ड्यात भोसकलेल्या फ्रेंच सैनिकाचा जीव जायला कादंबरीत दुपारचे तीन वाजतात. पडद्यावर तो काळ मिनिटांत आवळावा लागला आहे.

अखेरच्या दृश्याविषयी मतभेद आहेत. कादंबरीत नायक पाउल ऑक्टोबर १९१८ मध्ये, एका शांत दिवशी मरतो, आणि प्रथमपुरुषी निवेदन तिथे अचानक तृतीयपुरुषी होते. चित्रपटात तो फुलपाखराकडे हात नेताना गोळीला बळी पडतो. ही कल्पना छायालेखक कार्ल फ्रॉइंड यांची असल्याचे सामान्यतः सांगितले जाते. पडद्यावरचा हात मात्र माइलस्टोन यांचा, असे मानतात. काही समीक्षकांना हा शेवट हळवा वाटतो. परंतु कवटीच्या दातांवर विसावणारी फुलपाखरे आणि पाउलच्या घरातील फुलपाखरांचा संग्रह कादंबरीत आधीच आलेले असल्यामुळे, तो शेवट मुळाला अगदीच परका नाही, हे मत अधिक ग्राह्य वाटते.

डिसेंबर १९३० मध्ये बर्लिनमध्ये नाझींनी चित्रपटाचे खेळ उधळले आणि त्यानंतर काही दिवसांतच जर्मनीत त्यावर बंदी आली.

१९७९ चे रूपांतर दूरचित्रवाणीसाठी होते. एडवर्ड बर्गर यांच्या २०२२ च्या जर्मन चित्रपटात मृताचा गणवेश धुऊन, शिवून नव्या रंगरुटाला दिला जातो. त्यात युद्धबंदीच्या वाटाघाटींची भर घातली आहे आणि पाउलचा रजेवरील घरचा मुक्काम गाळला आहे. त्यामुळे घरच्यांपासून तुटत गेलेल्या सैनिकाचे एकाकीपण, जे कादंबरीत शारीरिक जखमेइतकेच ठळक आहे, या रूपांतरात पुसट राहते.