समाक्ष केबल

समाक्ष केबल : रेडिओ संच आणि अँटेना यांना जोडणारी केबल. बोलीत ‘कोॲक्स’ किंवा ‘डिशची वायर’. मधोमध तांब्याची तार, तिच्याभोवती पॉलिथिनचा निरोधक, त्यावर बारीक तारांची जाळी आणि बाहेर काळे आवरण अशी तिची रचना असते. तार आणि जाळी यांचा अक्ष एकच, म्हणून हे नाव. विद्युत्‌चुंबकीय क्षेत्र या दोहोंच्या दरम्यानच राहते. त्यामुळे ती लोखंडी मनोऱ्याला बांधली तरी चालते.

शोधाच्या श्रेयाबाबत एकमत नाही. इंग्रज शास्त्रज्ञ ऑलिव्हर हेविसाइड यांनी १८८० मध्ये इंग्लंडमध्ये पेटंट घेतले. लॉइड एस्पेनशीड व हर्मन ॲफेल या अभियंत्यांनी अमेरिकेत १९२९ मध्ये अर्ज केला, पेटंट १९३१ मध्ये मिळाले. रचनेची कल्पना हेविसाइड यांची आणि एकाच केबलीतून अनेक संदेश नेण्याची योजना एस्पेनशीड-ॲफेल यांची, असे मानणे अधिक सयुक्तिक वाटते.

रेडिओसाठी ५० ओहम संरोध (इंपीडन्स, म्हणजे केबलीतल्या लहरीचा दाब आणि प्रवाह यांचे गुणोत्तर) का रूढ झाला, याचीही दोन स्पष्टीकरणे आढळतात. निरोधक हवेचा असेल तर सर्वांत कमी क्षय (वाटेत होणारी शक्तीची घट) सुमारे ७७ ओहमला आणि सर्वाधिक शक्तिवहन सुमारे ३० ओहमला होते. ५० हा त्यांतला मध्य. दुसरे स्पष्टीकरण, बाजारात मिळणाऱ्या तांब्याच्या नळ्या एकात एक बसवून जो संरोध आला तोच पुढे चालला. पहिले अधिक ग्राह्य दिसते. भरीव पॉलिथिन वापरल्यास किमान क्षयच सुमारे ५१ ओहमला येतो, हेही लक्षात घ्यावे. टीव्हीसाठी मात्र ७५ ओहम.

कंप्रता (फ्रीक्वेन्सी) वाढते तसा क्षय वाढतो. आकाशवाणी सांगलीच्या १२५१ किलोहर्ट्‌झला एखाद्या केबलीत जेवढे डेसिबल (क्षय मोजण्याचे एकक) जातील, त्याच्या दहापटीहून अधिक हौशी रेडिओच्या १४५ मेगाहर्ट्‌झला जातात. या कंप्रतेला आरजी-५८ जातीच्या ३० मीटर केबलीत २० वॉटपैकी जेमतेम ५ वॉट अँटेनापर्यंत पोचतात. जाड आरजी-२१३ मध्ये निम्म्याहून थोडे अधिक. भरीव पॉलिथिनमध्ये लहरीचा वेग प्रकाशाच्या सुमारे ६६ टक्के असतो, म्हणून १४५ मेगाहर्ट्झची हवेतली ५२ सेंमी. पाव तरंगलांबी केबलीत ३४ सेंमी. भरते.

महाबळेश्वर, कोयना भागातल्या पावसात जोडावरून पाणी जाळीत शिरते आणि केशाकर्षणाने आत सरकत जाते. यासाठी जोडावर रबरी पट्टी ताणून गुंडाळतात आणि घरात शिरण्यापूर्वी केबलीला खाली झोळ देतात. सांगलीत कृष्णेच्या पुरात बुडालेली केबल वरून धुऊन चांगली दिसते, पण टोक सोलले की जाळी काळी पडलेली सापडते. ती वाळवून उपयोग नसतो. चकाकते तांबे लागेपर्यंत कापत जावे लागते.